ती कशी उरली

सांगली

चि. बाळास अनेक आशीर्वाद.

परवा फोनवर तू म्हणालीस, "आई, एचआयव्हीचे काही पेशंट गोळ्यांशिवायही वर्षानुवर्षं ठणठणीत राहतात, नशीबवान असतात." मला पुढे बोलवेना. एक बाई डोळ्यापुढे आली.

२००५ च्या सुमाराची गोष्ट. तेव्हा मी एचआयव्हीच्या तपासणी केंद्रावर रक्त घ्यायचे. नाव-गाव तुलाही सांगणार नाही. ती द्राक्षबागेत थिनिंगला, म्हणजे घडातले मणी विरळ करायला, जायची. सुई लावताना मूठ वळायला सांगितली की अंगठ्याच्या मुळाशी कात्रीनं पडलेला घट्टा दिसायचा. नवरा-बायको दोघांचे रिपोर्ट एकाच दिवशी पॉझिटिव्ह आले. तो दोन वर्षांत गेला. हिचा सीडी४, म्हणजे रोगाशी लढणाऱ्या पेशींचा आकडा, मात्र दर सहा महिन्यांनी सातशेच्या वरच. त्या काळी दोनशेच्या खाली आल्याशिवाय गोळ्या सुरू करत नसत, त्यामुळे ही नुसतीच तपासून परत जायची. सासरच्यांनी काय अर्थ काढावा? "हिनंच आणलं, म्हणून हिला काही होत नाही. नवऱ्याला खाल्लं." दिराने घराबाहेर काढलं. एकदा दंडाला कापूस दाबून धरलेला असताना तिनं मला विचारलं, "मॅडम, मीच कशी उरले?" मी म्हटलं, "देवाची कृपा." आजही ते उत्तर मला टोचतं.

काहींचा रोग हळू का चालतो यावर तू पाठवलेलं सगळं मी दोनदा वाचलं, मग वहीत आकृती काढून बघितली. मला कळलं ते असं. शरीरातल्या जवळजवळ प्रत्येक पेशीच्या दारावर एचएलए नावाच्या प्रथिनाची पाटी असते, तिचे ए, बी, सी असे प्रकार. एनके ही रक्तातली राखणदार पेशी गस्त घालते. पाटी दिसली की पुढे जाते, गायब असली की ती पेशी मारते. एचआयव्ही लबाड. त्याचं नेफ प्रथिन ए आणि बी या पाट्या काढतं, म्हणजे पाटी वाचून मारणाऱ्या टी पेशींना संसर्ग दिसत नाही. सी मात्र बरीचशी राहू देतं, म्हणजे गस्तवाल्याला संशय येत नाही.

आता गस्तवाल्याचे डोळे म्हणजे केआयआर. त्यांची जनुकं १९ व्या गुणसूत्रावर, पाट्यांची सहाव्यावर. दोन्ही वेगवेगळी वारशात येतात, त्यामुळे डोळे एकाचे आणि पाटी भलतीच, असंही होतं. कुणाला केआयआरची काही जनुकं असतात, कुणाला नसतातच. २००२ मध्ये मेरी कॅरिंग्टन या संशोधक आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी दाखवलं की केआयआर-३डीएस१ हा डोळ्याचा एक प्रकार आणि बीडब्ल्यू४ गटातली एक ठरावीक एचएलए-बी पाटी, दोन्ही असली तर एड्सकडे जाणं लांबतं. नुसत्या एकानं तो फायदा नाही. मला नवल वाटलं ते ३डीएल१ या दुसऱ्या केआयआरचं. तो तर एनके पेशीला लगाम लावणारा डोळा, तरी त्याचे काही प्रकार बीडब्ल्यू४ सोबत असले की रोग हळू चालतो! ज्याला पाटीची पक्की सवय लागली, तो ती नसल्यावर जास्त चवताळतो, असं मानतात. मला हे पटलं. रोज दूध घालणारा एक दिवस आला नाही की लगेच लक्षात येतं ना, तसं. आणि विषाणूही स्वस्थ बसत नाही. माणसाकडे कोणते केआयआर आहेत ते बघून तोही आपले भाग बदलतो, हे २०११ मध्ये दिसलं.

तिची जनुकं कुणी तपासली नाहीत. तिच्यात नेमकं हेच होतं असं मी म्हणणार नाही, तूही म्हणू नकोस. पण "नशीबवान" हा शब्द जपून वापर. आपल्याकडे नशिबामागोमाग लगेच कर्म येतं आणि कर्मामागोमाग दोष. आई-बापाकडून आलेल्या दोन जनुकांची जोडी जुळली तर त्यात बाईचं पुण्य नाही, पापही नाही. हे मी त्या दिराला सांगू शकले असते, तर निदान एकदा त्याच्या तोंडावर बोलले असते.

२०१७ पासून सीडी४ न बघता सगळ्यांना गोळ्या मिळतात, तिलाही सुरू झाल्या. विषाणू आता मोजण्याइतकाही सापडत नाही. बागेत अजून जाते. गेल्या महिन्यात विश्रामबागेत भेटली, पदरात बांधून आणलेले बेदाणे माझ्या हातात दिले.

तर माझं एक काम कर. हे सगळं अर्ध्या पानात, साध्या मराठीत, मोठ्या अक्षरात लिहून पाठव. तिला वाचता येतं, पण चष्मा नाही. जनुकाला आपल्या बोलीत काय म्हणावं तेही बघ, मला "वाण" सुचतंय. द्राक्षवाल्या बाईला तो शब्द लगेच कळेल.

जेवणाची हेळसांड करू नकोस.

तुझी
आई