ए-बी फॉर्म तीनच्या ठोक्यालाच का येतो? : राज्य निवडणूक आयुक्तांना खुले पत्र

मा. राज्य निवडणूक आयुक्त,
महाराष्ट्र राज्य, मुंबई

स. न. वि. वि.

३० डिसेंबर २०२५ हा महापालिकांसाठी अर्ज भरायचा शेवटचा दिवस होता. दुपारी पावणेतीनला मी निवडणूक निर्णय अधिकाऱ्यांच्या कार्यालयाबाहेर उभी होते. हातात प्लास्टिकची फाइल होती. तिच्यात जातीचा दाखला, वैधता प्रमाणपत्र, घरपट्टी-पाणीपट्टीची बाकी नसल्याचा दाखला, शौचालयाचा दाखला, शपथपत्र असं सगळं होतं. नव्हता तो फक्त पक्षाचा ए-बी फॉर्म, म्हणजे हाच आमचा अधिकृत उमेदवार असं सांगणारा पक्षाचा कागद. शहराध्यक्षांचा फोन सकाळपासून बंद. तीनला दहा कमी असताना एक गाडी आली, आणि फॉर्म कुणाला मिळाला ते कळलं. त्या ताईंचे यजमान मागच्या वेळी दुसऱ्या पक्षाचे नगरसेवक होते. आमच्या पक्षात येऊन त्यांना चार दिवस झाले होते. ताईंना तर मी त्या दिवशी पहिल्यांदाच पाहिलं.

पक्षाचं नाव मुद्दाम लिहीत नाही. लिहिलं की हे पत्र एका पक्षाविरुद्धचं होईल आणि बाकीचे टाळ्या वाजवतील. त्याच आवारात समोरच्या पक्षाची एक कार्यकर्ती पायरीवर बसून रडत होती. तिचीही गोष्ट हीच, फक्त गाडी वेगळी.

एकवीस वर्षं मी पक्षाचं काम करते. सतरंज्या उचलल्या, मतदारयाद्या घेऊन उन्हात फिरले, बूथवर बसले. आरक्षणाच्या सोडतीत आमच्या प्रभागातली एक जागा नागरिकांचा मागास प्रवर्ग, महिला अशी निघाली तेव्हा गल्लीतल्या बायकांनी पेढे आणले होते. तिकीट मिळालं नाही म्हणून हिचा थयथयाट चाललाय, असं आपल्याला वाटेल. थोडा आहेच, नाही कशाला म्हणू. पण तिकीट हा माझा हक्क नव्हता, हे मला कळतं. मला का नाही आणि त्यांना का, एवढं कुणीतरी सांगायला हवं होतं. आजतागायत कुणी सांगितलेलं नाही.

मुलाखती झाल्या होत्या. अर्जाचे पैसे भरले, ते परत मिळत नसतात. एका मंगल कार्यालयात टेबलामागे पाच जण बसले होते आणि प्रत्येक इच्छुकाला पाचेक मिनिटं मिळत होती. मला विचारलं, किती खर्च करू शकाल? समाजाची मतं किती? आमच्या भागात पाणी किती वाजता येतं, हे कुणीच विचारलं नाही. (रात्री दीडला येतं.) मग ‘सर्व्हे’ झाला म्हणतात. तो कुणी केला, कुणाला विचारून केला, कागद कुठे आहे, काही पत्ता नाही. शेवटी सगळं एका शब्दावर येऊन थांबतं, ‘इलेक्टिव्ह मेरिट’, म्हणजे निवडून यायची क्षमता. त्याचा खरा अर्थ कुणाच्या खिशात किती आणि पाठीमागे कोण, हे आमच्याकडे शाळेतल्या पोराला विचारलंत तरी तो सांगेल.

आता त्या तीनच्या ठोक्याबद्दल. पेपरवाले त्याला गोंधळ म्हणतात. फॉर्म पळवले, गाड्यांमागे धावले, कार्यालयाला कुलूप ठोकलं, अशा बातम्या चवीने छापतात. साहेब, हा गोंधळ नाही, हे ठरवून केलेलं असतं. ए-बी फॉर्म शेवटच्या दिवशी दुपारी तीनपर्यंत चालतो. म्हणून पक्ष तो तीनपर्यंत मुठीत ठेवतात. आदल्या दिवशी यादी लावली तर पत्ता कट झालेला माणूस रात्रीतून दुसऱ्या पक्षाचा फॉर्म आणेल, नाहीतर अपक्ष म्हणून नीट तयारीने उभा राहील. शेवटच्या दहा मिनिटांत त्याला फक्त हात चोळता येतात. मग माघारीच्या दिवसापर्यंत मनधरणी, ‘स्वीकृत’ नगरसेवकपदाचं गाजर, आणि अधूनमधून धमकी. म्हणजे आपण ठरवून दिलेली वेळच पक्षांच्या हातातलं हत्यार झाली आहे, आणि ते आपल्याच कार्यालयात चालवलं जातं.

पक्ष ही खासगी संघटना आहे, तिच्या घरात आयोगाने का डोकवावं, असं कुणी म्हणेल. हे घर तसं फार खासगी राहिलेलं नाही. चिन्ह राखून मिळतं ते आयोगाकडून. निवडून आल्यावर नगरसेवकाने पक्ष सोडला तर पक्षांतर रोखणारा १९८६ चा अनर्हता कायदा त्याचं पद काढून घेतो. पक्षाने त्याला कसं निवडलं, याबद्दल मात्र तोच कायदा चकार शब्द काढत नाही. पक्षांमध्ये अंतर्गत लोकशाही हवी, असं विधी आयोगाने १९९९ च्या १७० व्या अहवालात लिहिलं आणि २०१५ मध्ये पुन्हा लिहिलं. काँग्रेसने २०१४ च्या लोकसभेला काही मतदारसंघांत कार्यकर्त्यांच्या मतदानाने उमेदवार ठरवून पाहिला. आपल्याकडे लातूर आणि वर्ध्यात ते झालं. त्यावरही वाद झाले, आणि प्रयोग तिथेच विरला. पक्ष आपणहून हे करतील, याची वाट मी पाहत नाही.

आयोगाचे हात बांधलेले आहेत, असंही मला वाटत नाही. घटनेच्या २४३-झेडए कलमाने या निवडणुकांचं नियंत्रण आपल्याकडे दिलं. आपल्या कक्षेत आपले अधिकार भारत निवडणूक आयोगाइतकेच आहेत, हे सर्वोच्च न्यायालयाने २००६ मध्ये अहमदाबाद महापालिकेच्या खटल्यात सांगितलं. हिशेब दिले नाहीत म्हणून याच आयोगाने २०१६ मध्ये १९१ पक्षांची नोंदणी रद्द केली. २०१८ मध्ये ‘नोटा’ला सर्वाधिक मतं पडली तर फेरनिवडणूक, असा आदेश देशात आधी इथूनच निघाला. ज्या कार्यालयाने हे केलं, त्याला एका फॉर्मची वेळ बदलता येणार नाही?

माझं मागणं फार नाही. ए-बी फॉर्मची मुदत अर्जाच्या शेवटच्या दिवसाच्या दोन दिवस आधी संपवा. बंडखोरी वाढेल, हे मान्य आहे. वाढू द्या. बंडखोर ही पक्षाची डोकेदुखी असेल, मतदाराला तो जास्तीचा पर्याय आहे.

दुसरं, फॉर्मसोबत पक्षाकडून एक पानाचं निवेदन घ्या आणि ते शपथपत्राशेजारी आपल्या संकेतस्थळावर लावा. या प्रभागात किती जणांनी उमेदवारी मागितली, निवड कोणी केली, उमेदवार पक्षाचा सदस्य कधी झाला, याच व्यक्तीला का निवडलं. बस. चूक-बरोबर ठरवू नका, उमेदवार बदलायला सांगू नका. हे काही मी चुलीपुढे बसून रचलेलं नाही. गुन्हे दाखल असलेल्याला उमेदवारी दिली तर कारण जाहीर करा, आणि ‘निवडून येईल’ हे कारण पुरेसं धरलं जाणार नाही, असं सर्वोच्च न्यायालयाने १३ फेब्रुवारी २०२० ला लोकसभा-विधानसभेसाठी सांगितलंच आहे. तेच गल्लीपर्यंत आणा, आणि सगळ्या उमेदवारांना लावा.

पक्ष काय लिहितील, याचा मला अंदाज आहे. ‘सामाजिक कार्याची आवड’, असं लिहितील. हरकत नाही. पण ‘पक्षप्रवेश : २६ डिसेंबर’ हे तरी त्यांना स्वतःच्या सहीने लिहावं लागेल, आणि आमच्या गल्लीतल्या बायका ते रात्री दीडला पाणी भरताना मोबाइलवर मोठ्याने वाचतील.

आता मी ‘पक्षविरोधी’ ठरेन. पाच वर्षांनी पुन्हा सोडत होईल, जागा कदाचित सर्वसाधारण निघेल आणि माझी फाइल कपाटातच राहील. ते आपल्याला सांगत नाही. फॉर्मच्या वेळेचं तेवढं मनावर घ्या.

आपली,
एकवीस वर्षं एकाच पक्षात असलेली एक कार्यकर्ती