भंगारवाल्याला बोलावण्याआधी पुलीची खाच पाहा

माननीय संपादक,

वागळे इस्टेटपासून रबाळे-पावण्यापर्यंतच्या गाळ्यांतून जुनी मिलिंग मशिनं (फिरत्या कटरने धातू कापणारी) भंगारात निघतात, तेव्हा तक्रार ठरलेली असते: 'लोडवर बसतं, कट घेत नाही.' मोटर ठीक, गिअर ठीक, तरी कटर जागच्या जागी थांबतो. मग नवे बेल्ट चढवतात आणि आठवड्यात तेही किंचाळू लागतात. ज्या खाचेच्या चाकावर बेल्ट फिरतो, त्या पुलीकडे मात्र कुणी पाहत नाही.

व्ही-बेल्ट, म्हणजे पाचरीसारखा खाली निमुळता रबरी पट्टा, पकडतो तो खाचेच्या दोन भिंतींना. वर्षानुवर्षं घासून भिंती पोखरल्या की बेल्ट खाली खाली बसतो, शेवटी तळाला टेकतो आणि पाचर बसेनाशी होते. तपासायचं तर मेन स्विच बंद करा, फ्यूज काढून स्वतःच्या खिशात ठेवा, बेल्ट उतरवा आणि टॉर्च मारा. खाचेचा तळ चकचकीत दिसला तर बेल्ट तिथे टेकत होता. मग नव्या बेल्टचा कापलेला तुकडा खाचेत बसवून मागून उजेड टाका. भिंतीलगत मिलीमीटरभर फट उजळली, की ती पुली गेली.

खाच पुन्हा खरवडून घेता येते, पण टर्नरला (लेथवाल्याला) कोन सांगावा लागतो. बेल्ट ४० अंशांचा असला तरी लहान पुलीवर वाकताना त्याची आतली बाजू फुगते, म्हणून तिथे खाच ३४ अंशांची आणि मोठ्या पुलीला ३८ पर्यंत. एकाच पुलीवरच्या सगळ्या खाचा सारख्याच खोल हव्यात, नाहीतर एकच बेल्ट ओझं ओढतो आणि बाकीचे शोभेला.

दुकानात जुना बेल्ट दाखवून 'असाच द्या' म्हणण्यात घोटाळा होतो. 'ए' बेल्ट वरून १३ मिमी रुंद, 'बी' १७. 'ए-४२' मधला आकडा आतल्या लांबीचे इंच सांगतो. 'बी'च्या खाचेत 'ए' टाकला तर तो पहिल्याच दिवशी तळाला बसतो. तीन बेल्टपैकी एक तुटला तरी तिन्ही बदला, शक्यतो एकाच लॉटचे.

चढवताना स्क्रूड्रायव्हरने उचकटू नका, आतले दोरे तुटतात. मोटरचे बोल्ट सैल करून ती पुढे सरकवा. ताणण्याआधी दोन्ही पुल्यांच्या तोंडाला दोरी लावा, ती चारही ठिकाणी टेकली पाहिजे. ताण इतकाच, की मध्यभागी अंगठ्याने दाबल्यावर दोन पुल्यांमधल्या मोकळ्या अंतराच्या दर १०० मिमीला साधारण दीड मिमी दबेल. ४०० मिमीला सहा. जास्त आवळलात तर मोटरचं पुढचं बेअरिंग तापतं. एक दिवस चालल्यावर पुन्हा तपासा, कारण नवा बेल्ट खाचेत बसताना सैल पडतोच. किंचाळणाऱ्या बेल्टला साबण किंवा राळ चोळण्याची जुनी खोड तेवढी सोडा. आणि बेल्टवर तेल दिसलं तर आधी गिअरबॉक्सचं ऑइल सील बदला. तेलाने रबर फुगतं, नवा बेल्टही वाया जाईल. काम झालं की गार्ड, म्हणजे बेल्टवरचं संरक्षक झाकण, जागेवर! १९४८ च्या कारखाने अधिनियमात त्यासाठी कलम २१ होतं, तरी अर्ध्या गाळ्यांत गार्ड कपाटावर धूळ खात पडलेला असतो.

कापलेल्या पृष्ठभागाची फिनिश बिघडली असेल तर टेबलाच्या गिब, म्हणजे टेबलाची ढिलाई काढणाऱ्या पट्ट्या, पाहा. टेबल सरकवणारा लीडस्क्रू मध्यभागी जास्त झिजतो आणि टेबल ज्यांवर सरकतं ते स्लाइडवेही. मध्यावर गिब घट्ट केली की टेबल टोकांना अडकतं. म्हणून टोकाला ते जेमतेम सरकेल इतकंच आवळा. मधला उरलेला बॅकलॅश (हँडल उलट फिरवताना जाणवणारी ढिलाई) डायल गेज लावून मोजून ठेवा, आणि अशा मशीनवर कटरच्या फिरण्याच्या दिशेने टेबल देऊ नका, कटर टेबल ओढून घेतो आणि दात उडतात. एअरगनने चिप्स उडवू नका, त्या स्लाइडवेखाली शिरतात. ब्रश वापरा. पावसाळ्यात शनिवारी बंद करताना स्लाइडवेवर ६८ नंबरचं तेल फिरवलं, तर खाडीच्या दमट हवेत सोमवारी गंज दिसत नाही.

स्पिंडलची (कटर फिरवणाऱ्या दांड्याची) बेअरिंगंच गेली असतील तर गोष्ट निराळी, तो खर्च मोठा. पण तीही आधी डायल लावून पाहावीत, आवाजावरून ठरवू नये.

– एक वाचक, वागळे इस्टेट, ठाणे