काकू, तुमचं ‘आम्हाला खाली आण की’ अजून कानात आहे

प्रिय काकू,

खरं तर हे घरी येऊन बोलायचं होतं, पण तुमच्यासमोर बसलं की चहा होतो, पोहे होतात आणि मुद्द्याचं राहूनच जातं. त्यात हल्ली मला दर आठ-पंधरा दिवसांनी कुणीतरी विचारतंच, अगं योग शिक्षकाचा कोर्स करू का, काय काय असतं त्यात? प्रत्येकीला मी तुमचाच किस्सा सांगते. म्हणून म्हटलं, एकदाच सगळ्यांसमोर लिहून टाकू आणि तुमचे आभार पण मानू. तुम्ही ‘आभार कसले डोंबलाचे’ म्हणणार, ते धरूनच चाललेय.

कबुली आधी देते. साताऱ्यात, गोडोलीच्या त्या हॉलमध्ये कोर्सच्या पहिल्या दिवशी तुम्ही दोन उशा घेऊन माझ्या शेजारी मॅट टाकलीत, वज्रासनात बसवत नाही म्हणून मांडीखाली उशी सरकवलीत, तेव्हा माझ्या मनात आलं होतं की या वयात या कशाला आल्यात. मला चक्रासन येत होतं, हलासन येत होतं, अंग वाकतंय म्हणजे निम्मा कोर्स झाल्यातच जमा असं मी धरून चाललेले. त्याआधी मोबाईलवर जाहिरात बघून ‘पंधरा दिवसांत योग शिक्षक व्हा’ वाल्यांना पैसे पण भरून बसले होते, नऊ व्हिडिओ आणि नाव चुकलेलं सर्टिफिकेट मिळालं, तो विषय सोडा.

इथं शनिवार-रविवार चार-चार तास, पंचवीस आठवडे, असे दोनशे तास. त्यात स्वतः आसनं करायचा वेळ मला वाटलेला त्याच्यापेक्षा बराच कमी. हाडं-स्नायू, श्वसनसंस्था, प्राणायाम, शुद्धिक्रिया, पतंजलींची योगसूत्रं, आणि मग पाठ, म्हणजे दुसऱ्यांना शिकवून दाखवायचं. योगसूत्रांत चार पाद, म्हणजे चार भाग आहेत आणि आसनावर सूत्रं मोजून तीन, हे कळलं त्या दिवशी मी घरी जाऊन गप्पच बसले होते, कारण मी आलेले ती सगळी आसनांच्याच जोरावर.

आणि मग तो भुजंगासनाचा पाठ! आठवतोय ना? नऊ जणं पोटावर, मी समोर. ‘हात छातीशेजारी, श्वास घेत कपाळ, हनुवटी, छाती वर’, इथपर्यंत झकास. मग मी स्वतःच करून दाखवायला लागले, मान वर, नजर पंख्याकडे, आणि तशीच फायदे सांगत सुटले, पाठीचा कणा लवचिक होतो, पोटावर दाब येतो, अमुक होतं तमुक होतं. मागं कुणाचे हात थरथरायला लागलेत, कुणी श्वास कोंडून धरलाय, मला काहीच दिसत नव्हतं. आसन सोडायला सांगायचंच विसरले होते. तेवढ्यात तुमचा आवाज आला, ‘अगं बाई, आम्हाला खाली आण की!’ सगळा हॉल हसला. मला रडू यायचं बाकी होतं.

त्या दिवशी तुम्ही मला घरी नेलंत, गच्चीवर, समोर अजिंक्यतारा, आणि जिल्हा परिषदेच्या शाळेत चौतीस वर्षं काढलेल्या बाईंनी मला पाठ टाचण लिहायला बसवलं. पूर्वस्थिती, आसनात जायची कृती, श्वास, किती वेळ थांबायचं, आसन सोडायची कृती, कुणी करायचं नाही. ‘सोडायची कृती’ हा रकाना तुम्ही लाल पेनानं दोनदा अधोरेखित केलात. मी एका पानात ‘हळूहळू’ अकरा वेळा लिहिलेलं, त्यातले नऊ खोडलेत. आणि म्हणालात, ‘तू करून दाखवलंस की त्यांना तू दिसतेस, तुला ती कधी दिसणार? तोंडानं सांग आणि फिरून बघ.’ काकू, दोनशे तासांत मला खरं काही शिकायला मिळालं असेल तर ते हे, आणि ते सिलॅबसमध्ये नव्हतं.

दुसरी गंमत डाव्या-उजव्याची. समोर तोंड करून उभं राहिलं की ‘उजवा हात वर’ म्हणताना आपण डावा उचलायचा, आरशासारखा. मी दर वेळी गोंधळायचे. तुम्ही माझ्या डाव्या मनगटाला लाल धागा बांधलात, ‘पहिलीच्या पोरांना कवायत शिकवताना मी हेच करायचे’ म्हणालात. नवरा विचारत होता कुठल्या देवाचा गं हा.

सूर्यनमस्काराला सर बारा स्थिती सांगत होते आणि तुम्ही मागून ‘आमच्या औंधात दहाच’ म्हणालात तेही आठवतंय. तुमचे वडील औंध संस्थानच्या शाळेत शिकलेले, तिथं भवानराव पंतप्रतिनिधींनी नमस्कार सक्तीचे केलेले, राजा स्वतः रोज घालायचा. मी साताऱ्यात वाढले, औंधच्या यमाईला कितीदा गेले, पण आपल्याच जिल्ह्यातून ही गोष्ट एवढी लांब पसरली हे मला तुमच्याकडून कळलं.

वमनाच्या दिवसाबद्दल नवीन मुलींना मी सरळ सांगते, उपाशीपोटी कोमट मिठाचं पाणी पोटभर प्यायचं आणि उलटून काढायचं, घाण वाटणार, डोळ्यांतून पाणी येणार. बीपी, हर्निया, अल्सर असेल तर आधीच सांगायचं आणि करायचं नाही. तुम्ही बीपीमुळं स्वतः केलं नाहीत पण बादलीशेजारी उभ्या राहून माझ्या पाठीवरून हात फिरवत होतात. जलनेतीनंतर, म्हणजे एका नाकपुडीतून मिठाचं पाणी घालून दुसरीतून काढल्यावर, नाक नीट कोरडं न करता मी गाडीवरून पोवई नाक्यापर्यंत गेले आणि दोन दिवस डोकं धरून बसले, तेव्हा शिव्या पण तुम्हीच घातल्यात.

सर्टिफिकेटचं पण लोकांना माहिती नसतं. क्लासचं सर्टिफिकेट वेगळं आणि आयुष मंत्रालयाच्या योगा सर्टिफिकेशन बोर्डाची परीक्षा वेगळी. मी त्यातली प्रोटोकॉल इन्स्ट्रक्टरची, म्हणजे ठरवून दिलेला योगाभ्यास शिकवणाऱ्यांची दिली, लेखी आणि प्रॅक्टिकल दोन्ही असतं, पण भार प्रॅक्टिकलवर, आणि त्यात शिकवून दाखवावं लागतं. परीक्षकांनी भुजंगासनच दिलं, खोटं नाही सांगत. मी सगळ्यांना व्यवस्थित खाली आणलं.

आता सोसायटीच्या हॉलमध्ये सकाळी सहाला अकरा जणी येतात, पावसाळ्यात सात. दोघी फी द्यायचं विसरतात, दर महिन्याला. नोकरी सोडण्याएवढे पैसे यात लगेच येत नाहीत, हे पण मी विचारणाऱ्यांना सांगते, मग काहींचा चेहरा पडतो. पण स्लिप डिस्कवाल्या बाईंना मी पुढं वाकू देत नाही, काचबिंदूवाल्या आजींना डोकं खाली घालायला लावत नाही, आणि मी फार कमी वेळा मॅटवर असते, फिरत असते.

तुमचं गुडघ्याचं ऑपरेशन झालंय, बुधवारी येते. कंदी पेढे आणणार नाही, शुगर आहे तुम्हाला. खुर्चीत बसून घोटा, खांदे, मान आणि श्वास एवढंच घेऊ, गुडघा किती वाकवायचा ते फिजिओ सांगतील, मी हात लावणार नाही. टाचण लिहून आणतेय, लाल पेन काढून ठेवा.

तुमचीच,
शेजारच्या मॅटवरची