उसाच्या ट्रॉलीमागची सायकल

ती. बाबा आणि सौ. आई,
शि. सा. नमस्कार.

फोनवर "झाली शर्यत, छान झाली" एवढंच बोलले, कारण मागं दादाची पोरं ओरडत होती आणि आई तिसऱ्यांदा "पडलीस का?" विचारत होती. पडले नाही. खरचटलंसुद्धा नाही. पण छान झाली हे अर्धंच खरं. विमानाला उशीर आहे, म्हणून उरलेलं अर्धं इथं विमानतळावर बसून लिहिते.

बाबा, आधी तुमचा प्रश्न. दुसऱ्याच्या आडोशानं सायकल हाणायची, ही लबाडी नव्हे का? आपल्याकडं मी केलेल्या सगळ्या ट्रायथलॉनमध्ये, म्हणजे पोहणं, सायकल आणि पळणं अशा सलग शर्यतीत, ती लबाडीच होती, पंच दंड करायचे. या शर्यतीत मात्र मुभा होती. अव्वल खेळाडूंना ती 1995 पासून आहे, आणि 2000 साली सिडनीत ऑलिंपिकमध्ये हा खेळ आला तोही असाच. पुढच्याच्या चाकामागं हातभर अंतरावर राहिलं की वारा तो खातो, आणि आपल्याला त्याच वेगाला पाऊण ताकद पुरते.

मी नववीत असताना निपाणीच्या रस्त्यावर उसाच्या ट्रॅक्टरमागं सायकल लावली होती, आठवतंय? दोन ट्रॉल्या, वर कांडी लोंबतायत, आणि मागं मी पायडल न मारल्यासारखी चाललेय. तुम्ही स्टँडसमोरून बघितलंत आणि घरी आल्यावर कानाखाली दिलीत. "ट्रॉलीनं ब्रेक मारला म्हंजे तोंड फुटंल की गं!" तर बाबा, तीच ट्रॉली. फक्त ट्रॉलीच्या जागी सात बायका, आणि ताशी 34 चा वेग.

पोहणं तळ्यात होतं, 750 मीटर. पाणी 19 अंश, म्हणून रबरी सूट घालू दिला. आई, गळ्यापासून घोट्यापर्यंत अंगभर होता, तुझी एक काळजी मिटली. सुरुवातीला नुसती लाथाबुक्की. कुणाचा तरी हात बसून गॉगल कपाळावर गेला. पण पाठीला डबा बांधून भर मे महिन्यात वीस पोरांच्या गर्दीत विहिरीत ढकललेली मी. गॉगल खाली ओढला आणि निघाले. पाण्याबाहेर आले तेव्हा निम्म्या बायका माझ्या मागं होत्या.

ते सगळं हेल्मेटपाशी घालवलं. सायकलला हात लावायच्या आधी हेल्मेटचा पट्टा लागलेला पाहिजे, नाहीतर दंड. बोटं गारठलेली, पट्टा लागेना. दहा-बारा सेकंद गेली असतील. पुढचा सहा जणींचा घोळका तेवढ्यात निघून गेला, आणि मी समोरच्या वाऱ्यात एकटी. जांबोटी रस्त्यावर दोन वर्षं रोज पहाटे एकटीच चालवते, त्यामुळं आधी काही वाटलं नाही. इथं ते कामाचं नाही. पाच किलोमीटरच्या चार फेऱ्या होत्या. पहिली संपेपर्यंत मांड्या भरून आल्या आणि पुढचा घोळका दिसेनासा झाला.

मग मागून सात जणी आल्या. त्यांच्या मागं लागले आणि खरंच, ट्रॉलीच! वारा बंद, नुसती साखळ्यांची घरघर. समोर एकीच्या मागच्या चाकाला चिकटलेलं वाळकं पान गरगर फिरत होतं, मी पूर्ण फेरीभर तेवढंच बघत राहिले. पण फुकट बसू देत नाहीत. पाळीपाळीनं पुढं जायचं, थोडा वेळ वारा खायचा, कोपर हलवून बाजूला व्हायचं आणि शेपटाला येऊन चिकटायचं. माझी पाळी आली की मी उत्साहानं एवढी जोरात ताणायचे की घोळका फुटायचा. एक बाई ओरडली. भाषा कळली नाही, अर्थ कळला.

शेवटच्या फेरीत उलट फिरायचं वळण होतं. पुढचीच्या चाकाला लागेन या भीतीनं मी ब्रेक लवकर दाबला. तुमचीच चपराक आठवली असेल, बाबा. वळण घेऊन बघते तर सगळ्या उभ्या राहून हाणतायत, आणि माझ्यापुढं पन्नास मीटर मोकळा रस्ता. तो काही भरून निघाला नाही. तेवढ्यात पुरुषांचा मोठा घोळका बाजूनं गेला. त्यांच्या मागं लागले असते तर सहज गाठलं असतं, पण बायकांनी पुरुषांचा आडोसा घ्यायचा नाही असा नियम. मोह झाला, खोटं कशाला सांगू. बाजूला सरकले.

पाच किलोमीटर पळणं नेहमीसारखंच झालं, त्यात सांगण्यासारखं काही नाही. एकूण 1 तास 21 मिनिटं. माझ्या वयोगटात 52 जणींत 38 वी. दादानं व्हॉट्सअॅपवर "परदेशात डंका" असं टाकलंय, ते तेवढं काढायला सांगा.

आई, तुझी शेंगदाण्याची चटणी आदल्या रात्री पांढऱ्या भाताबरोबर संपली. डबा परत आणतेय, ओरडू नकोस.

रविवारी घरी येते. दादाला सायकलीत हवा भरून ठेवायला सांगा, मला त्याच्या चाकामागं चाक लावून बघायचंय. तवंदी घाटाकडं नाही जाणार, हायवेलाही नाही. सर्व्हिस रोडनंच, आणि बाबा, तुम्ही स्कूटरवरून मागं या हवं तर.

तुमची,
ताई