औषधाच्या चिठ्ठीवर आणखी एक ओळ हवी

मा. सार्वजनिक आरोग्यमंत्री, महाराष्ट्र राज्य, यांस
सविनय नमस्कार.

मी बीड जिल्ह्यातील एका खेड्यात प्राथमिक शिक्षक असून, दिवाळीनंतर आईवडील ऊसतोडीला गेले की मागे राहणाऱ्या मुलांच्या हंगामी वसतिगृहाकडे लक्ष देतो. तिथे एका खोलीत वीस-बावीस मुले झोपतात, थंडीत दोघांत एक गोधडी असते आणि पाण्याचा तांब्या सगळ्यांचा एकच असतो. त्यामुळे एकाला खोकला लागला की तो कुठवर जाईल, हे मला आठवडाभर आधीच सांगता येते.

गेल्या हिवाळ्यात दुसरीतल्या एका मुलाचा घसा सुजला, ताप चढला. डॉक्टरांनी घशाचा स्ट्रेप्टोकोकस संसर्ग असल्याचे सांगून अमॉक्सिसिलिन दिले. चिठ्ठीवर 'दिवसातून दोनदा, जेवणानंतर, 10 दिवस' एवढेच होते. औषध दहा दिवसांचे, म्हणजे संसर्गही दहा दिवसांचा असणार, असे धरून मी त्याला गावातच आजीकडे धाडले. चौथ्या दिवशी पोर अंगणात खेळू लागले तेव्हा आजीने औषध बंद केले आणि उरलेली बाटली फडताळात ठेवली. चूक आम्हा दोघांचीही होती, आणि दोन्ही चुका उलट्या दिशेच्या होत्या. योग्य प्रतिजैविक सुरू झाल्यावर 12 ते 24 तासांनी, तापही उतरला असेल, तर असे मूल सहसा शाळेत परत येऊ शकते. औषध मात्र पूर्ण दहा दिवस घ्यायचे असते, कारण अर्धवट उपचारातून पुढे ऱ्हुमॅटिक ताप येऊन हृदयाच्या झडपा बिघडण्याचा धोका राहतो.

हा हिशेब प्रत्येक आजारात वेगळा आहे. डांग्या खोकल्यात योग्य प्रतिजैविकाचे पाच दिवस पूर्ण होईपर्यंत मुलाला वेगळे ठेवावे लागते, आणि उपचारच झाले नाहीत तर खोकला सुरू झाल्यापासून सुमारे तीन आठवडे ते इतरांना आजार देऊ शकते. घटसर्पाचा संसर्ग प्रतिजैविक सुरू झाल्यावर साधारण 48 तासांत थांबतो, तरी तपासणीने खात्री करून घ्यावी लागते. साध्या सर्दीवर आणि फ्लूवर तर प्रतिजैविकाचा काहीच उपयोग नसतो. तिथे 'गोळी चालू झाली, आता हरकत नाही' हा समज संसर्ग घरोघर पोचवतो.

क्षयरोगात याची झळ मोठ्यांना बसते. औषधांना दाद देणाऱ्या क्षयात नियमित उपचारांच्या साधारण दोन आठवड्यांनंतर बहुतेक रुग्णांपासून संसर्गाचा धोका फार कमी होतो. पण उपचार किमान सहा महिने चालतात, आणि गाव तेवढे सहा महिने त्या माणसाच्या घरचा चहा घेत नाही. आमच्याकडच्या एका बाईंना, गोळ्या चालू आहेत एवढ्याच कारणावरून, मुकादमाने टोळीत घ्यायचे नाकारले आणि उचल परत मागितली.

म्हणून विनंती अशी की, सरकारी दवाखान्यांतील चिठ्ठीवर औषधाच्या दिवसांखाली 'इतरांपासून वेगळे राहणे : अमुक तारखेपर्यंत' अशी एक ओळ छापावी आणि ती भरणे डॉक्टरांना बंधनकारक करावे. खासगी दवाखान्यांनाही तशी सूचना द्यावी, कारण आमची बहुतेक मुले आधी तिथेच जातात. शिक्षण विभागाशी बोलून हीच माहिती सोप्या मराठीत, एका पानात, प्रत्येक वसतिगृहाच्या भिंतीवर लागेल असे पाहावे. टोळ्या दिवाळीनंतर निघतात. परिपत्रक त्याआधी निघावे.

आपला विश्वासू,
एक शिक्षक, बीड जिल्हा