नुसत्या ठिपक्यावर बिलं काढू नका

मा. संपादक,

पाण्याचे टँकर, कचऱ्याच्या गाड्या, वाळूचे ट्रक, जीपीएस बसवलं की गैरप्रकार थांबला असं सगळे धरून चाललेत आणि फेऱ्यांची बिलं पण त्यावरच निघतात, पण स्क्रीनवरचा ठिपका खोटा असू शकतो हे कुणी बोलतच नाही म्हणून लिहितोय. मी नाशिकला ट्रान्सपोर्ट लाइनमध्ये ट्रॅकिंगचंच काम बघतो.

जीपीएसचे उपग्रह वीस हजार किलोमीटरवर, त्यांचा सिग्नल खाली येईपर्यंत इतका क्षीण होतो की लायटरच्या सॉकेटमध्ये लावायचा छोटा जॅमर पण तो दाबून टाकतो. जॅमर लावला तर निदान गाडी गायब झालेली कळते, स्पूफिंगमध्ये, म्हणजे उपग्रहासारखा बनावट सिग्नल सोडून डिव्हाइसला फसवण्यात, ती दिसत राहते, फक्त भलत्याच जागी, आणि जीपीएसच्या नागरी सिग्नलमध्ये तो खरा की बनावट हे ओळखायची सोयच नाही त्यामुळे डिव्हाइस मुकाट्याने मानून घेतं.

आमच्याकडे एक गाडी भिवंडीच्या गोडाऊनला उभी दिसत होती, स्पीड शून्य, पण इग्निशन चालू आणि डिव्हाइसमधलं सिम ज्याला जोडलेलं तो मोबाइल टॉवर बदलतोय, शहापूर, कसारा, इगतपुरी, वर फास्टॅगमधून घोटी नाक्याचे पैसे पण कापले गेलेले. म्हणजे गाडी प्रत्यक्षात रस्त्यावर धावत होती, पण नुसता नकाशा बघणाऱ्याला यातलं काही दिसलं नसतं.

आणि हे पकडायला नवीन मशीन लागत नाही. १ जानेवारी २०१९ पासून नव्या बस-टॅक्सींना एआयएस-१४० चं, म्हणजे गाडी ट्रॅकिंगच्या सरकारी मानकाचं डिव्हाइस सक्तीचं झालं, ते सर्व्हरला पाठवतं त्या माहितीच्या प्रत्येक पॅकेटमध्ये टॉवरचा आयडी, आजूबाजूचे टॉवर, इग्निशन, बॅटरी, दिसणारे उपग्रह सगळं येतंच! सर्व्हरवर चारच गोष्टी ताडून बघा, टॉवर आणि ठिपका एकाच भागात आहेत का, एका मिनिटात चाळीस किलोमीटरची उडी तर नाही ना, ओडोमीटर आणि नकाशावरचे किलोमीटर जुळतात का, पाच-सहा गाड्या अचानक एकाच बिंदूवर तर आल्या नाहीत. डिव्हाइस उपग्रहांची सिग्नल पॉवर पाठवत असेल तर अजून सोपं, खऱ्या आकाशात कुठला जोरात कुठला मंद असतो, एकाच अँटेनातून आलेल्या खोट्या सिग्नलमध्ये सगळे जवळपास सारखेच.

पण एक अलर्ट आला की लगेच ड्रायव्हरचा पगार कापायचा हे साफ चुकीचं आहे. घाटात, बोगद्यात, उंच बिल्डिंगांमध्ये ठिपका तसाही भरकटतो, आणि नोव्हेंबर २०२५ मध्ये दिल्ली विमानतळाजवळ विमानांना खोटे सिग्नल मिळाले, तसं काही आसपास चालू असेल तर त्यात ट्रकवाल्याचा काय दोष? दोन वेगवेगळे पुरावे जुळल्याशिवाय कुणाला चोर ठरवू नका.

उलट बाजू पण आहे. अमेरिकेत न्यूअर्क विमानतळाजवळ एका ड्रायव्हरने मालकापासून लपायला गाडीत जॅमर लावला, त्याने विमानतळाच्या लँडिंगच्या यंत्रणेत अडथळा आला आणि २०१३ मध्ये त्याच्यावर सुमारे ३२ हजार डॉलरचा दंड लागला. आपल्याकडेही खासगी माणसाला जॅमर वापरायची परवानगी नाही, ड्रायव्हर लोकांना हे कुणीतरी नीट सांगायला हवं.

जिल्हा परिषदा आणि महापालिकांनी पुढच्या टँकर आणि कचरा टेंडरमध्येच अट घालावी की टॉवर आणि ओडोमीटरशी ताडलेल्या फेरीचंच बिल निघेल, आणि तो कच्चा डेटा ऑडिटसाठी जपून ठेवावा लागेल.

— ट्रान्सपोर्ट लाइनमधला एक वाचक, नाशिक