उळं टाकायच्या आधी सांगा

माननीय केंद्रीय वाणिज्य मंत्री महोदय,
सप्रेम नमस्कार.

निफाड तालुक्यातल्या एका दोन एकरवाल्याचं हे पत्र. अनुदान मागत नाही, कर्जमाफीही नाही. कांद्याच्या निर्यातीचं काय करणार ते आम्ही उळं, म्हणजे रोपासाठीचं कांद्याचं बी, टाकायच्या आधी सांगा, आणि तो माल विकून होईपर्यंत त्यात बदल करू नका. एवढंच.

उन्हाळ कांद्याचं उळं ऑक्टोबर-नोव्हेंबरात वाफ्यात पडतं. डिसेंबर-जानेवारीत लागवड, मार्च-एप्रिलात काढणी, मग चाळीत साठवण. लागवडीची मजुरी रोख मोजावी लागते, खताची उधारी दुकानात चढते. पीक शेतात उभं राहिल्यावर नियम बदलला तर आम्ही काय बदलायचं?

२०२३ साल आठवून पाहा. १९ ऑगस्टला ४० टक्के निर्यातशुल्क. ऑक्टोबर संपता संपता निर्यातीला टनामागे किमान ८०० डॉलर भावाची अट. ८ डिसेंबरपासून थेट बंदी. चांदवडला शेतकरी मुंबई-आग्रा महामार्गावर उतरले ते तेव्हाच. बाजारात त्या वेळी लाल कांदा होता, आणि तो ठेवता येत नाही. काढला की विकायचाच. बंदी उठली ४ मे २०२४ ला. नाशिक आणि दिंडोरीचं लोकसभेचं मतदान २० मे ला होतं. योगायोग असेल! उरलेलं शुल्क जायला १ एप्रिल २०२५ उजाडलं.

अशा धरसोडीत मोठा माणूस तगतो. त्याच्याकडे गोदाम असतं, चार पैसे असतात, भाव सुधारेपर्यंत तो थांबतो. आमची चाळ बांबू आणि पत्र्याची. भावाची वाट पाहत पावसाळा काढला आणि चाळ फोडली, की वरचा थर बरा दिसतो. हात आत घातला की काजळी धरलेला, कोंब फुटलेला, पाणी सुटलेला माल लागतो. घरातली सगळी बसून निवडतात. खाद म्हणजे खराब माल एकीकडे, गोल्टी म्हणजे बारका कांदा दुसरीकडे. भरला त्याहून कितीतरी कमी ट्रॅक्टरमध्ये चढतो. लिलावात व्यापारी दोन मुठी उचलून बघतो नि बोली लावतो. निर्यात बंद झाल्याची बातमी त्याच्या मोबाइलवर आमच्या आधी आलेली असते. मिळेल त्या भावात द्यायचा, कारण परत नेण्याचं भाडं कोण भरणार?

शहरातल्या माणसाला कांदा परवडला पाहिजे, यात वाद नाही. त्यासाठीच तर सरकारचा राखीव साठा आहे. २०२३ मध्ये त्याचं उद्दिष्ट ५ लाख टनांवर नेलं होतं. तो एप्रिल-मेमध्ये, आवक तुंबते तेव्हा, बाजार समितीत उघड्या लिलावात उतरून घ्या. मधल्या हातांकडून घेतलेल्या मालाचा भाव आमच्यापर्यंत किती पोचतो, हे तुमच्याच अधिकाऱ्यांना विचारा. टंचाईत तोच साठा शहरांत विका. मग निर्यातीला हात लावायची वेळ क्वचितच येईल.

बाहेरचं गिऱ्हाईकही आपण घालवतोय. बांगलादेश, श्रीलंका, आखाती देश आपला कांदा घेतात. आपण मधेच दार लावलं की ते दुसरीकडे सौदे करतात, आणि दार पुन्हा उघडलं म्हणून सगळे परत येत नाहीत.

२०१५-१६ च्या कृषिगणनेत देशातली शेतजमिनीची ८६ टक्के खाती दोन हेक्टरच्या आतली निघाली. म्हणजे तुमचं धोरण मुख्यतः आमच्यासारख्यांवरच चालतं. दर वर्षी ३१ ऑगस्टपर्यंत पुढच्या हंगामाची अधिसूचना काढा. बंदी घालायची असेल तर तसंही त्यात स्पष्ट लिहा. आम्ही कांदा कमी लावू, हरभरा पेरू.

आपला,
निफाड तालुक्यातला एक कांदा उत्पादक